इंजिन उतरवण्याआधी : जुन्या गाडीसाठी मेकॅनिक शोधताना

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना घाट उतरलात की इन्सुली लागते. इथल्या आणि आसपासच्या वाड्यांत एखाद्या मांगराच्या कडेला, ताडपत्रीखाली जुनी फियाट किंवा पेट्रोलची जीप उभी असते. गाडी आजोबांची असते, किंवा मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतलेल्या काकांची. ती सुरू करायची इच्छा घरात कुणाला तरी होते आणि मग एकामागून एक प्रश्न येतात. इंजिन गेलंय, दुसरं कोण बसवून देईल? डिझेल इंजिन बसवलं तर चालेल ना? नाक्यावर अडवतील का? पन्नास वर्षांपुढच्या गाडीला सगळं माफ असतं म्हणतात, ते खरं का?

हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एका जागी देतो. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मेकॅनिक गाठतात, मग इंजिन शोधतात आणि कागद शेवटी आठवतात. क्रम असा ठेवा : कागद, तपासणी, निर्णय, मग मेकॅनिक.

आधी आरसी बुक बाहेर काढा

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या गाडीची नोंद रत्नागिरीत, मुंबईत किंवा गोव्यात असू शकते. जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक असेल, तर ती नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढली आहे का, हे पहिलं बघा. चढली नसेल तर मूळ कार्यालयात अर्ज करून ती चढवून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज सरकत नाही.

या चार गोष्टी तपासा :

- आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षरागणिक जुळतात का. नंबराच्या पट्टीवरचा मळ डिझेलच्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या. पॉलिश पेपर घासू नका. नंबर पुसट झाला तर तो नव्याने शाबीत करणं फार जड जातं.
- मालक कोण. मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर हस्तांतरण नमुना ३१ ने होतं. आपल्याकडे घर, बाग आणि गाडी, सगळ्यांत सहहिस्सेदार असतात. त्यांची संमती आधीच लेखी घ्या. गाडी चालू झाल्यावर तिच्यावरचं प्रेम सगळ्यांनाच आठवतं.
- नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरातल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नका, तो नियम आपल्याकडे नाही.
- गोव्याची नोंदणी असेल तर. सीमेलगत असल्यामुळे जीए नंबरची गाडी इथे वर्षानुवर्षं राहते. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे.

इंजिन खरंच गेलंय का?

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण ‘इंजिन गेलं’ हा निकाल आपल्याकडे फार लवकर दिला जातो. तो देणाऱ्याने बऱ्याचदा हेडही उघडलेलं नसतं.

गाडी चार-सहा पावसाळे उभी असेल तर इंजिन जाम झालेलं असणं अगदी साहजिक आहे. किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांमुळे रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. अशी गाडी टोचन लावून ओढत गिअरमध्ये टाकू नका, रिंगा तुटतील. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळू फिरवून बघा. तेरेखोलच्या पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर चावी फिरवूच नका. प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही उतरवा, मगच पुढचं.

इंजिन फिरत असेल तर लक्षणं अशी वाचा :

- निळसर धूर, ऑइल कमी होतं : रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. हे बोअरिंगचं किंवा हेडचं काम आहे, इंजिन बदलण्याचं नव्हे.
- पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी कमी होतं, ऑइल दुधाळ दिसतं : हेड गॅस्केट, किंवा हेडला तडा.
- काळा धूर, पेट्रोलचा वास : कार्बोरेटर. इंजिनाला हात लावायची गरज नाही.
- घाट चढताना गरम होतं : आधी रेडिएटर उघडून साफ करा. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेल्या रेडिएटरमध्ये खाली चिखल बसलेला असतो.
- खालून ठोका येतो, ऑइल प्रेशर पडतं : क्रँकचं बेअरिंग. आता मात्र इंजिन उतरवावं लागेल.

मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. आकड्यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर इंजिन बरं आहे. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर दोष रिंगांचा, नाही आला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. पाऊण तासाचं काम आहे. जो मेकॅनिक ते न करता इंजिन बदलायला सांगतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

दोन गोष्टी इंजिनाच्या नसून पेट्रोलच्या असतात. पंपावरचं साधं पेट्रोल २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं झालं आहे. जुन्या गाडीचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशर हे सगळं इथेनॉलला टिकणारं नसतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. गाडी झटके मारत असेल तर आधी हे भाग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला. दुसरं म्हणजे १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या अँबॅसॅडरसारखं ओतीव लोखंडी हेड असेल तर शिशाविना व्हॉल्व्ह सीट हळूहळू खचत जाते. हेड उघडलंच आहे तर कडक पोलादी सीट बसवून घ्या.

तुमच्यापुढचे चार मार्ग

१. आहे तेच इंजिन बांधणं. बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंड, हेडचं काम. फियाट किंवा पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक. ते पुन्हा पुन्हा बांधता येतं आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दशकानुदशकं तेच केलं. नंबर तोच राहतो, त्यामुळे आरसी बुकात काही बदलावं लागत नाही. ब्लॉकला तडा नसेल तर हाच मार्ग घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन. ब्लॉक फुटला असेल किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल तर हा पर्याय. कायद्याने शक्य आहे, पण आरटीओची लेखी परवानगी आधी घ्या. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत आरसी बुकासह नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते.

३. वेगळ्या कंपनीचं किंवा वेगळ्या इंधनाचं इंजिन. जुन्या विलीज जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची एके काळी मोठी लाट होती. त्या जीप आजही कोकणात फिरताना दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की चालतं. चालत नाही. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षाही मोठी भीती विम्याची आहे. अपघात झाला आणि इंजिन आरसी बुकाशी जुळलं नाही, तर दाव्यात पहिला आक्षेप तोच येतो. आणि जास्त ताकदीचं इंजिन जुन्या ड्रम ब्रेकवर आंबोलीसारख्या घाटात उतरवणं हा जिवाशी खेळ आहे.

४. मान्यताप्राप्त किट. सीएनजीचं किंवा विजेवर चालवण्याचं. कायद्यात याला वाट आहे, पण किट तुमच्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेलं आणि बसवणारा अधिकृत असला पाहिजे. किट कितीही चांगलं असो, मंजुरीचा कागद तुमच्या मॉडेलच्या नावाने मागा. तो नसेल तर विषय तिथेच संपला.

पन्नास वर्षांची गाडी : सूट कसली, अट कसली

हा गोंधळ सर्वांत जास्त आहे. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी नियम ८१अ आणि पुढचे नियम घातले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, बिगरव्यावसायिक वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या गाडीचं इंजिन बदललंत, तर जो मान मिळवायला हा सगळा खटाटोप चालला आहे तोच हातचा जाऊ शकतो. रिंग-पिस्टन बदलणं म्हणजे फेरबदल नव्हे असं मी मानतो. तरीही व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या समितीपुढे दाखवायला प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं जपून ठेवा.

व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल आणि त्यासाठीचा जाण्यायेण्याचा प्रवास, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. तुम्हाला गाडी घेऊन बांद्याच्या बाजाराला किंवा रेडीच्या गणपतीला जायचं असेल तर साधीच नोंदणी बरी. पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिंटेज नोंदणी घ्यायलाच हवी, अशी सक्ती नाही.

मेकॅनिक कुठे शोधायचा

आता मूळ प्रश्न. ‘सगळं करून देणारा एक माणूस’ शोधत फिरलात तर तो इन्सुलीतच काय, मुंबईतही सहज मिळणार नाही. दोन वेगळी माणसं शोधा : इंजिन उतरवून, उघडून, पुन्हा बसवणारा हात, आणि मापाने कापणारं मशीन शॉप. पहिला जवळचाच हवा, कारण पुढची अनेक वर्षं गाडी त्याच्याकडेच जाणार आहे. दुसरा लांबचा चालतो.

जवळचा हात शोधायच्या जागा :

- जुन्या टॅक्सी स्टँडवरचे चालक. सावंतवाडी, बांदा, कुडाळ इथल्या साठी उलटलेल्या चालकांना विचारा. कुणाच्या हातचं इंजिन किती वर्षं टिकलं, हे ते तारखेसकट सांगतात. गॅरेजच्या पाटीवर न मिळणारी माहिती इथे मिळते.
- एसटीचे निवृत्त यांत्रिक. एसटीचा सिंधुदुर्ग विभाग कणकवलीचा, आणि सावंतवाडीला आगार. त्या कार्यशाळांतून निवृत्त झालेले लोक आसपासच्या गावांत राहतात. डिझेल जीप असेल तर आधी त्यांच्याकडे जा. टॉर्क रेंच वापरायची आणि काम नोंदवहीत लिहायची शिस्त त्यांच्या अंगात असते.
- मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरातले बोटींचे मेकॅनिक. हे नाव कुणी घेत नाही, पण खाऱ्या हवेत गंजलेले बोल्ट न तोडता सोडवणं ही कला त्यांच्याइतकी कुणाला येत नाही. मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्याला लागतात आणि त्यांच्या इंजिनांची कामं निघतात, तेव्हा भेट द्या, हात कसा चालतो ते डोळ्यांनी दिसेल. काम मात्र हंगाम सुरू झाल्यावर द्या.
- म्हापसा आणि पलीकडचा गोवा. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत तिथे परदेशी गाड्या येत. मर्सिडीज आणि ओपेलच्या टॅक्सी धावल्या. तुमची गाडी परदेशी बनावटीची असेल तर जुनी गॅरेजं तिकडे धुंडाळा.

मशीन शॉपसाठी आंबोलीचा घाट चढायला लागतो. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आणि बेळगावचं उद्यमबाग, दोन्हीकडे बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंगचं काम पिढ्यांपासून चालतं. अख्खी गाडी नेऊ नका. ब्लॉक, क्रँक आणि हेड सुटं करून टेम्पोतून पाठवा. टेम्पोत आरसी बुकाची प्रत आणि मेकॅनिकचं ‘दुरुस्तीसाठी पाठवले’ असं इंजिन नंबरासह पत्र ठेवा. गोव्याकडे पाठवत असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा, कारण इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर टेम्पो थांबवला जाऊ शकतो आणि सुट्या इंजिनाबद्दल विचारणं हे त्यांचं कामच आहे.

मोठ्या शहरांतल्या जुन्या गाड्यांच्या संघटनाही कामी येतात. मुंबईतली व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही त्यांतली जुनी. त्यांच्या सभासदांना तुमच्या मॉडेलचे भाग कोण बनवतं हे ठाऊक असतं. कोल्हापूरला दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपतींची मेबॅक निघते. ती बघायला जमणाऱ्या गाडीवेड्यांत मिसळलात तरी दोन नावं मिळतील.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

गाडी नेऊ नका, आधी मोकळ्या हाताने जा. तासभर बसा. गॅरेजमध्ये उघडलेली इंजिनं कशी ठेवली आहेत बघा. झाकलेली, चिठ्ठ्या लावलेली, व्हॉल्व्ह क्रमाने लाकडात खोचलेले, की सगळं एका घमेल्यात? माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे.

मग विचारा : या मॉडेलचं शेवटचं इंजिन कधी बांधलंत, आणि ती गाडी मला बघता येईल का? बोअर कशाने मोजता? हेडचे बोल्ट किती टॉर्कला आणि कुठल्या क्रमाने आवळता? भाग तुम्ही आणणार की मी? उत्तर आठवावं लागलं तर हरकत नाही. ‘त्यात काय मोजायचं, हाताला कळतं’ असं म्हणाले तर बाहेर पडा. जुन्या इंजिनात एक-दोन शतांश मिलिमीटरवर काम टिकतं किंवा बिघडतं. सिलिंडर वर-खाली किती झिजला आणि किती लंबगोल झाला, याचे आकडे मशीन शॉपकडून लिहून घ्या आणि पिस्टन त्यानंतरच विकत घ्या. आधी पिस्टन आणून मग त्याच्या मापाचं बोअरिंग करायला निघाल्यावर फसलेले मालक मी पाहिले आहेत.

दुसरं इंजिन विकत घेताना

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे जुने भाग मिळतात. पद्मिनीवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. त्या हजारो टॅक्सींच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा धंदा आता आटतो आहे. चांगला भाग दिसला तर पुढच्या वेळेवर टाकू नका.

इंजिन घेताना :

- इंजिन नंबर घालून पक्कं बिल, विकणाऱ्याचं ओळखपत्र, आणि ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसी बुकाची किंवा नोंदणी रद्द केल्याच्या आदेशाची प्रत. यांतलं काहीच नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या गाडीत निघालं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.
- नंबराच्या जागेवर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर सोडून द्या.
- इंजिन हाताने फिरवून, प्लग काढून आणि ऑइल पॅन खोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून चंदेरी रंग मारलेलं इंजिन जास्त काळजीने बघा.
- बेल हाउसिंगची भोकं, क्लच प्लेटचे दात, स्टार्टरची रिंग आणि माउंटिंग तुमच्या गाडीशी जुळतात का, हे मेकॅनिकला सोबत नेऊन तपासा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांतही यात फरक पडतो. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला तर वायरिंगही बदलावं लागेल, त्याचा खर्च आधीच धरा.

लिहून काय घ्यायचं

आपल्याकडे ओळखीत लिहून घेणं अवघड वाटतं. पण लिहिलेलं असलं की ओळख टिकते. एका कागदावर दोघांच्या सह्या पुरतात. त्यात हे असू द्या : गाडीचा नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, गाडीत असलेल्या वस्तू (स्टेपनी, जॅक, रेडिओ, मूळ कार्बोरेटर), कामाची यादी, मजुरी वेगळी आणि भाग वेगळे, जादा काम निघालं तर आधी विचारायचं ही अट, काढलेले सगळे जुने भाग परत द्यायचे ही अट, आणि तारीख.

पैसे टप्प्याने द्या. इंजिन उतरवून मोजमाप झाल्यावर थोडे, भाग आल्यावर भागांचे, इंजिन सुरू झाल्यावर काही, आणि शेवटचा मोठा हप्ता पाचशे किलोमीटर झाल्यावर.

वेळेचंही भान ठेवा. दिवाळीनंतर गाडी द्या आणि मे महिन्याच्या आत परत येईल असं बघा. पावसात उघडा ब्लॉक एका रात्रीत तांबूस होतो. गणपतीच्या तोंडावर सगळी गॅरेजं चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेली असतात, तेव्हा तुमचं इंजिन कोपऱ्यात सरकतं आणि त्याचे नटबोल्ट हरवतात. माझ्या गाडीचं हेड असंच एका गॅरेजात दोन पावसाळे पडून राहिलं. तारीख लिहून घेतली नव्हती, ही चूक माझी.

आरटीओचं काम

सिंधुदुर्गचं कार्यालय ओरोसला. इंजिन बदलणार असाल तर काम सुरू करण्याआधी अर्ज द्या. सोबत आरसी बुक, चालू विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल आणि त्यामागचे कागद ठेवा. काम झाल्यावर मोटार वाहन निरीक्षक गाडी बघून नंबर पडताळतात, मग आरसी बुकात नवा इंजिन नंबर येतो. त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नंबर बदलून घ्या. मेकॅनिक किंवा एजंट ‘नंतर करू’ म्हणाला तरी तुम्ही थांबू नका, १४ दिवसांची मुदत मालकाला आहे, त्यांना नाही.

काम बिघडलं तर

गॅरेजचं काम ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली ‘सेवा’ आहे. सदोष काम, ठरल्यापेक्षा जास्त आकारणी, भाग परत न देणं, याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आपला आयोग सिंधुदुर्गनगरीला आहे. काम कोल्हापूर किंवा गोव्यात झालं असलं तरी तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकील असलाच पाहिजे असं नाही. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

गाडी गॅरेजात असताना तिची वाजवी काळजी घेणं ही मेकॅनिकची जबाबदारी आहे. पण त्याचाही एक हक्क आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७० नुसार, कौशल्याचं काम केलेल्या वस्तूवर मजुरी मिळेपर्यंत तो ताबा ठेवू शकतो. म्हणून भांडण मजुरीच्या रकमेवर असेल तर मान्य असलेली रक्कम पावती घेऊन द्या, उरलेली ‘हक्क राखून’ असं लिहून द्या, आणि गाडी ताब्यात घेऊन मग तक्रार करा. गाडी तिथे सोडून भांडत बसलात तर नुकसान गाडीचं होतं.

ताब्यात घेताना

थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. ऑइल प्रेशर बघा, खाली कागद पसरून गळती बघा, मग मेकॅनिकला शेजारी बसवून इन्सुलीचा घाट चढून सावंतवाडीपर्यंत जाऊन या. घाट चढताना पाण्याचं तापमान आणि उतरताना एक्झॉस्टचा धूर, या दोन गोष्टींत सगळं कळतं.

पहिले पाचशे किलोमीटर इंजिन ताणू नका, एकाच वेगाने लांब पल्लाही मारू नका. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, टॅपेट सेट करा.

आणि दुसरं इंजिन बसवलं असेल, तर एक विनंती आहे. काढलेलं मूळ इंजिन भंगारात घालू नका. प्लगच्या भोकांतून ऑइल सोडा, भोकं बंद करा, जमिनीपासून वर फळीवर ठेवा आणि प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता सुती कापडाने झाका. कोल्हापुरात वेल्डिंगने तडे भरणारी माणसं आहेत, आणि गाडीसोबत कारखान्यातून निघालेला तो नंबर पुन्हा कुठे विकत मिळत नाही.